नसबंदीस पुरुष का भितात?

दरवर्षी २१ नोव्हेंबरपासून ४ डिसेंबरपर्यंत सरकारच्या कुटुंबकल्याण खात्यातर्फे पुरुष नसबंदीचा पंधरवडा पाळला जातो. भिंतींवर पत्रके लागतात, आशाताई घरोघर फिरतात, आणि बहुतेक घरांतून त्यांस एकच उत्तर मिळते : ‘ऑपरेशन करायचे तर बाईचेच करू.’ हे उत्तर पुष्कळदा घरचा पुरुष देतो, कित्येकदा सासू देते, आणि जिच्या पोटावर शस्त्र चालावयाचे ती बिचारी मान डोलावून मोकळी होते. फुलचूर हे गाव गोंदिया शहरास अगदी लागून आहे. राइस मिल, बाजार, कचेरी आणि रेल्वे यांच्याशी येथील माणसाचा नित्याचा संबंध. अशा शहाण्यासुरत्या वस्तीतही नसबंदीचा विषय पुरुषांच्या बैठकीत निघालाच तर थट्टेवारी निघावा, याचे आम्हांस नवल वाटते आणि खेदही होतो.

२०१९-२१ सालच्या राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य पाहणीचे आकडे आमच्या व्यापारी वाचकांनी जमाखर्चाच्या नजरेने पाहावेत. देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शेकडा ३७.९ स्त्रियांनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती. ज्यांच्या नवऱ्यांनी करून घेतली होती त्यांचे प्रमाण शेकडा ०.३. म्हणजे सुमारे सव्वाशे बायकांमागे एक पुरुष! आपल्या महाराष्ट्रात तर अशा स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या घरात आहे. मुले दोघांची, नाव बापाचे, आणि शस्त्र मात्र आईच्या वाट्याला, असा हा हिशेब. तो जुळवताना कोणास लाज वाटलेली दिसत नाही.

शरीररचना पाहिली तर न्याय याच्या नेमका उलट आहे. स्त्रीच्या बीजवाहिन्या पोटाच्या आत असतात. त्यांच्यापर्यंत पोचावयाचे तर पोट उघडावे लागते, निदान दुर्बीण आत घालावी लागते. पुरुषाच्या शुक्रवाहिन्या अंडकोशाच्या कातडीखाली, बोटांना लागतील इतक्या वर असतात. बिनटाक्याची म्हणून जी पद्धत आज सर्वत्र चालते ती चीनमधील डॉक्टर ली शुनच्यांग यांनी १९७४ साली काढली. तीत ती जागा सुईने बधिर करतात, कातडीस एक बारीक छिद्र पाडतात, दोन्ही वाहिन्या त्यातून क्रमाने बाहेर घेऊन कापतात व बांधतात. टाका पडत नाही. माणूस जागा असतो, डॉक्टरांशी बोलत असतो; पंधरावीस मिनिटांत काम आटोपते, आणि थोडा वेळ थांबून तो आपल्या पायांनी घरी जातो.

मग भीती कशाची? शब्दाची व गैरसमजाची. नसबंदी आणि खच्चीकरण यांत सामान्य मनुष्य भेद करीत नाही. बैल खच्ची केला की त्याचा माज जातो हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले असते, आणि तोच न्याय तो मनातल्या मनात स्वतःस लावतो. वस्तुतः बैलाच्या बाबतीत अंडच निकामी केले जाते. नसबंदीत त्यास हात लागत नाही. ते पूर्वीप्रमाणेच आपले काम करीत राहते. पुरुषत्व देणारा जो अंतःस्राव तेथे तयार होतो तो रक्तातून शरीरभर जातो, कापलेल्या नळीशी त्याचा संबंध नाही. बंद होते ती केवळ शुक्रजंतूंची वाट. वीर्यात या जंतूंचा भाग इतका अल्प असतो की बाहेर पडणाऱ्या वीर्यात फरक पडला असे माणसास जाणवतही नाही. दाढीमिशी, आवाज, कामेच्छा, अंगातील बळ ही जशीच्या तशी राहतात. अडून राहिलेल्या जंतूंचे काय होते, असा प्रश्न आम्हांस नेहमी विचारण्यात येतो. ते शरीरातच विरून जातात.

या भीतीचे दुसरे कारण राजकीय आहे, आणि ते मात्र खोटे नाही. १९७६-७७ या आणीबाणीच्या एका वर्षात देशभर सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या. त्यांपैकी सुमारे ६२ लाख पुरुषांच्या होत्या. कित्येक ठिकाणी माणसे धरून नेली गेली, नोकरदारांचे पगार अडविले गेले. खुद्द आपल्या विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, हे आपले सुदैव. त्या जुलमाने ‘नसबंदी’ हा शब्दच विटाळला. जुलूम झाला तो मुख्यतः पुरुषांवर. त्याचे परिमार्जन मात्र पुढील सर्व सरकारांनी बायकांना पुढे करून केले! नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यातील शिबिरांत शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकी तेरा जणी दगावल्या. एका शिबिरात तर एकाच दिवसात ८३ स्त्रियांचा निकाल लावण्यात आला होता. आपले गोंदिया स्टेशन ज्या रेल्वेच्या कारभारात मोडते तिचे मुख्य ठाणे ते हे बिलासपूर. फार दूरची गोष्ट नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला, तो या अनर्थानंतर.

सक्तीचा तिटकारा असणे आणि ज्ञानाचा तिटकारा असणे या भिन्न गोष्टी आहेत. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, आणि या पायी प्राध्यापकी व प्रतिष्ठा दोन्ही घालविली. १९३४ सालच्या त्यांच्यावरील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्व्यांनी कोणावर सक्ती केली नाही. त्यांनी माणसांस माहिती दिली आणि निर्णय त्यांच्यावर सोपविला. आज शंभर वर्षांनंतरही, माहिती देणारा निर्लज्ज व अज्ञानात राहणारा कुलीन, ही आपली समजूत फारशी हललेली नाही.

तेव्हा माहितीच देऊ. सरकारी नियमाप्रमाणे नसबंदी करून घेणारा पुरुष विवाहित असावा लागतो, त्यास निदान एक मूल असावे लागते व ते एक वर्षाहून मोठे असावे लागते. बायकोच्या सहीची कायद्याने गरज नाही, जशी बायकोच्या शस्त्रक्रियेस नवऱ्याच्या सहीची नाही. हे दुसरे वाक्य वाचून पुष्कळ नवरे चकित होतील. सही नको म्हणून विचारणेही नको असे कोणी समजू नये. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर तपासतात. हर्निया, अंडवृद्धी, त्या जागी खरूज वा गळू असल्यास, मधुमेह असल्यास, रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते आधी सांगितलेच पाहिजे. नंतर दोनचार दिवस दुखते, थोडी सूज येते, जागा काळीनिळी होते. घट्ट लंगोट बांधल्याने बराच आराम पडतो. क्वचित रक्त साखळते किंवा जखम पिकते. ताप आला, सूज वाढत चालली वा रक्त थांबेना, तर घरगुती लेप लावीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. अगदी थोड्या पुरुषांस, शेकड्यास एकदोघांस, पुढेही काही काळ दुखणे राहते. हे लपविणारा डॉक्टर लोकांचा विश्वास गमावील आणि तो गमावणेच त्यास योग्य.

आणि हा उपाय कायमचा समजूनच करावा. पुन्हा नळी जोडण्याची शस्त्रक्रिया आहे, परंतु ती अवघड असते, तिच्या यशाची हमी कोणी देत नाही आणि जितकी वर्षे लोटावी तितकी आशा कमी होत जाते. मुले अगदी तान्ही असताना, बायकोशी भांडण चालू असताना, किंवा मिळणाऱ्या अनुदानाकडे पाहून हा निर्णय घेणाऱ्यास आम्ही थांबण्याचाच सल्ला देऊ.

आता मुख्य मुद्दा. नसबंदी झाली त्या दिवशी नसबंदी पुरी होत नाही! नळीच्या पुढच्या भागात शुक्रजंतू उरलेले असतात आणि ते निघून जाण्यास काही आठवडे लागतात. म्हणून तीन महिने निरोध वा दुसरे साधन वापरलेच पाहिजे. तीन महिन्यांनी वीर्य तपासावयाचे, त्यात एकही जंतू नाही अशी खात्री झाल्यावर सरकारी प्रमाणपत्र मिळते, आणि मगच साधन सोडावयाचे. शस्त्रक्रिया करून घेणारे कित्येक पुरुष ही तपासणी करावयास फिरकत नाहीत. एक तर त्यांस कोणी नीट समजावून सांगत नाही. दुसरे, वीर्य तपासावयास देण्याची लाज वाटते. लाज पुरुषाची, परंतु तिची शिक्षा कोणास होते? दुसऱ्या महिन्यात बायकोस दिवस गेले की घरात कुजबूज सुरू होते : याचे तर ऑपरेशन झाले आहे, मग हे कोणाचे? ज्या बाईचा अपराध इतकाच की नवऱ्याने डॉक्टरांची एक सूचना पाळली नाही, तिच्या शीलावर चिखल उडतो. तिला माहेरी धाडले जाते, मारले जाते. एवढ्यासाठीच आम्ही म्हणतो की ही तपासणी हा शस्त्रक्रियेचाच भाग होय. जो ती टाळतो त्याने बायकोचा भार हलका केलेला नाही, तिच्या डोक्यावर नवा भार ठेविला आहे. तपासणी निर्दोष निघाल्यानंतरही सुमारे दोन हजारांत एखाद्यास पुढे नळी आपोआप जुळल्याने मूल राहते. तसे झाल्यास बायकोकडे बोट न दाखविता नवऱ्याने पुन्हा आपले वीर्य तपासून घ्यावे. अशा अपयशासाठी सरकारची भरपाईची योजना आहे, हेही ध्यानात ठेवावे.

आता आमच्या मिलमालक व अडत्ये वाचकांशी दोन शब्द. शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि आठवडाभर जड ओझे उचलू नये, सायकल चालवू नये, असा नियम आहे. फुलचूरहून सायकलवर मिलमध्ये येणाऱ्या व दिवसभर तांदळाची पोती वाहणाऱ्या हमालास हा नियम म्हणजे आठ दिवसांची मजुरी बुडणे होय. ‘अंगातले बळ जाईल’ असे तो म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या मनात हा आठवडा असतो. बायकोचे ऑपरेशन झाले तर त्याची मजुरी बुडत नाही. तिची रोवणी वा विड्या बुडतात, आणि त्या घरात कोणी मोजीत नाही. सरकारी अनुदान त्यास मिळते खरे, पण घर चालते ते मजुरीवर. मालकांनी अशा हमालास आठ दिवस भरपगारी रजा द्यावी, किंवा त्यास काट्यावर वा हिशेबावर बसवावे. धर्मशाळा बांधणाऱ्यांच्या या पेठेत आठ दिवसांची मजुरी ही काही मोठी देणगी नव्हे.

पंधरवड्याची वेळही आमच्या मते या भागास गैरसोयीची आहे. नोव्हेंबरअखेर म्हणजे आमच्याकडे धान कापून, मळून बाजारात आणण्याचे दिवस. मिली तेव्हा भरात असतात आणि ज्याच्या हातापायांत बळ आहे त्यास एक दिवसाचीही सवड नसते. जखम हिवाळ्यातच भरते हा जुना समज या बारीक छिद्रास लागू नाही. पंधरवडा ही केवळ प्रचाराची सोय असून ही शस्त्रक्रिया वर्षातून केव्हाही करता येते. रोवणी आटोपल्यावर पोळ्याच्या सुमारास शेतकऱ्यास व हमालास दोघांसही थोडी उसंत असते. जखम सुकेपर्यंत बांधीच्या चिखलात उतरू नये एवढे पाळले म्हणजे झाले. आरोग्य खात्याने गोंदिया जिल्ह्यापुरता आपला प्रचार त्या दिवसांत करावा. त्या वेळी जो शस्त्रक्रिया करून घेईल त्याचे तीन महिने धान विकावयास येण्याच्या सुमारास भरतील, आणि त्याच फेरीत तो रुग्णालयात जाऊन आपली तपासणी करून घेईल.