चिप स्वदेशी, पण तिची भाषा कोणाच्या हाती?

डिसेंबर २०१७ च्या प्रारंभी ओखी चक्रीवादळाने अरबी समुद्र ढवळून काढला, तेव्हा केरळ व तामिळनाडूतील ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगडच्या आश्रयाला आल्या. माणसे वाचली, हे भाग्य. परंतु किनारा दिसेनासा होताच मोबाइल मुका होतो आणि खोल समुद्रातील नौकेशी बोलण्याचे भरवशाचे साधन सामान्य मच्छीमाराजवळ नाही, हे कटू सत्य त्या वादळाने साऱ्या देशापुढे मांडले.

या उणिवेवर उपाय म्हणून ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एका राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चाच्या या योजनेत १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख यांत्रिक नौकांवर ट्रान्सपॉंडर बसवावयाचे आहेत. तंत्रज्ञान ‘इस्रो’चे आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या नौकेला यातून उपग्रहामार्फत संकटाचा संदेश धाडता येईल व वादळाची सूचनाही मिळेल. अभिमान वाटावा असेच हे कार्य आहे. मात्र अभिमानाच्या पुढे जाऊन एक प्रश्न विचारला पाहिजे: अशा यंत्राच्या पोटात जी आज्ञावली वसते, ती घडविण्याची विद्या आपल्या किती तरुणांना अवगत आहे?

एका ओळीत दडलेला धोका

अशा उपकरणातील आज्ञावलीला ‘फर्मवेअर’ म्हणतात. ती लिहिली जाते कार्यालयातील संगणकावर, पण चालते दुसऱ्याच, चिमुकल्या प्रोसेसरवर. मनुष्याने लिहिलेला मजकूर त्या प्रोसेसरच्या भाषेत उतरविण्याचे काम ‘कंपायलर’ करतो. हा दुभाषी कितीही विद्वान असला, तरी आपण कोणासाठी बोलत आहोत हे त्याला आधी सांगावे लागते. या सांगण्यालाच ‘टार्गेट’ ठरविणे म्हणतात. प्रोसेसर कोणत्या घराण्याचा, शब्द ३२ बिटांचा की ६४, दशांश अपूर्णांकांचे गणित करणारे मंडल त्यात आहे की नाही, स्मृती कोठून सुरू होते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खाली ऑपरेटिंग सिस्टिम आहे की नाही, याचे ते वर्णन असते. नेहमीच्या संगणकावर स्मृती वाटून देणे, फाइल उघडणे, आज्ञावली सुरू करणे ही कामे ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. फर्मवेअरच्या खाली मात्र कोणीच नसते, म्हणून टार्गेटच्या वर्णनात ‘ऑपरेटिंग सिस्टिम नाही’ असे स्पष्ट लिहावे लागते.

येथे चूक झाली तर काय होते? प्रोसेसरमध्ये दशांश गणिताचे मंडल नसताना ते आहे असे कंपायलरला सांगितले, तर अक्षांश-रेखांशाचे पहिलेच गणित करताना प्रोसेसरपुढे अनोळखी आज्ञा येते आणि यंत्र जागीच थबकते. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. ६४ बिटांच्या इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर, लिनक्ससारख्या प्रणालींच्या संकेतानुसार, कंपायलर स्टॅकखालील १२८ बाइट जागा आपली मानून वापरतो. फर्मवेअरमध्ये एखादे बाह्य उपकरण मध्येच प्रोसेसरला हाक मारते, तेव्हा नेमकी हीच जागा पुसली जाऊ शकते. ही सवय टार्गेटमध्येच बंद करावी लागते. न केल्यास यंत्र दहा वेळा नीट चालते आणि अकराव्या वेळी दगा देते. प्रयोगशाळेत न दिसलेला दोष भर समुद्रात प्रकटला, तर त्याची किंमत कोण मोजणार?

विद्या खुली आहे

समाधानाची बाब अशी की, या विद्येची परंपरा आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. मार्च २०२५ मध्ये ‘इस्रो’च्या स्वाधीन झालेल्या ‘विक्रम ३२०१’ या प्रोसेसरसाठी अडा भाषेचा कंपायलर, असेंब्लर व लिंकर ही साधने ‘इस्रो’ने स्वतःच घडविली. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ने ‘वेगा’ मालिकेतील ‘तेजस ३२’ चिप व तिच्यावरील ‘एरीस’ बोर्ड सिद्ध केले आणि त्यांच्यासाठी कंपायलरसह साधनसंचही उपलब्ध केला. याच पुण्यातील केपीआयटी कमिन्स या कंपनीने शतकाच्या पहिल्या दशकात जपानच्या रेनेसास प्रोसेसरांसाठी ‘जीएनयू’ कंपायलरचे संच तयार करून जगभरच्या अभियंत्यांना विनामूल्य पुरविले. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी ‘जीसीसी’ कंपायलरच्या अंतरंगाचे शिक्षण कार्यशाळांतून दिले. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘एलएलव्हीएम’चे एक जनक विक्रम आडवे हे त्याच संस्थेचे विद्यार्थी.

यावर कोणी म्हणेल की, ‘जीसीसी’ व ‘एलएलव्हीएम’ दोन्ही अमेरिकेत जन्मले, मग यात स्वदेशी ते काय? हा आक्षेप वरवरचा आहे. या दोन्हींचे अंतरंग सर्वांना खुले आहे, आणि खुली विद्या जो आत्मसात करील त्याची. परावलंबन दुसऱ्याचे साधन वापरण्यात नसते. ते साधन गरजेनुसार बदलता न येण्यात असते. आपली चिप आणि तिचे वर्णन मात्र दुसऱ्याने करायचे, अशी स्थिती राहिली, तर ती स्वदेशी अर्धीच म्हणावी लागेल.

सिंधुदुर्गाच्या भूमीला हा धडा नवा नाही. १६५९ मध्ये शिवछत्रपतींच्या आरमारासाठी कल्याण-भिवंडी परिसरात पोर्तुगीज कारागीर जहाजे बांधीत होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने फितविताच त्यांचा प्रमुख रुय लैतांव व्हियेगस साथीदारांसह निघून गेला. आरमार मात्र थांबले नाही. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. परक्याकडून शिकावे, पण त्याच्या जाण्याने काम अडू नये, ही ती दृष्टी होती.

आज हीच दृष्टी कोकणच्या शिक्षणसंस्थांत यावयास हवी. मालवणचे शासकीय तंत्रनिकेतन बंदरापासून फार दूर नाही. तेथील विद्यार्थ्याने तयार साधनांची बटणे दाबण्यावर समाधान न मानता एखाद्या स्वदेशी बोर्डासाठी टार्गेट स्वतः लिहावे, चूक करावी, यंत्र का थबकले ते शोधावे. यासाठी भव्य इमारती लागत नाहीत. एक बोर्ड, एक साधा संगणक आणि चिकाटीचा शिक्षक पुरेसा आहे. खाऱ्या हवेने बिघडलेले यंत्र दुरुस्त करून त्यात नवे फर्मवेअर भरणारा तरुण बंदरावरच मिळाला, तर मच्छीमाराचा खोळंबा टळेल आणि त्या तरुणालाही पोटासाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागणार नाही. दर्यावर जाणाऱ्या माणसाचा जीव ज्या यंत्रावर विसंबून आहे, त्या यंत्राची भाषा जाणणारा निदान एक माणूस त्याच्या गावात असावा, ही अपेक्षा मोठी नाही.