गतिरोधक नियमात बसवा, नाहीतर उखडा : एक महिन्याची मुदत

हा इशारा तिघांना आहे. मोजमाप न करता गल्लोगल्ली डांबराचे उंचवटे घालणाऱ्या पालिकेच्या पथ विभागाला, त्याच्याकडून ही कामे घेणाऱ्या ठेकेदारांना, आणि कुणालाही न विचारता आपल्या फाटकासमोर रातोरात ब्रेकर उभे करणाऱ्या सोसायट्यांना व त्यांच्या पाठीशी असलेल्या माननीयांना. आजपासून एक महिन्यात आमच्या प्रभागातला प्रत्येक गतिरोधक एकतर नियमात बसवा, नाहीतर मुळासकट काढा. तिसरा मार्ग आम्ही ठेवलेला नाही.

गतिरोधकांना आमचा विरोध आहे, असा अर्थ कुणी सोयीने काढू नये. शाळेच्या फाटकासमोर, दवाखान्याजवळ, आणि गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते त्या तोंडाशी गतिरोधक हवाच. शहरी हद्दीत मोटारीला ताशी ७० किलोमीटरपर्यंतची कमाल मर्यादा २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने दिली आहे. ज्या गल्लीत पोरे क्रिकेट खेळतात आणि आजोबा काठी टेकत दूध आणायला जातात, तिथे ७० हा आकडा निव्वळ वेडेपणा आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, त्यामुळे माणसे राहतात त्या रस्त्यावर वेग ३० च्या आतच हवा. पाटी लावून तो उतरत नाही आणि पोलीस प्रत्येक गल्लीत उभा राहू शकत नाही. अमेरिकेतल्या ओकलंड शहरात २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घराजवळ गतिरोधक असलेल्या मुलांना गाडीच्या धडकेने इजा होण्याची शक्यता निम्म्याहून कमी आढळली. ही बाजू आम्हाला पूर्ण मान्य आहे.

पण ते गतिरोधक मोजून बांधलेले होते. आपल्याकडेही माप ठरलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. साध्या गोल गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि वाहनाच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर. ताशी २५ किलोमीटरने जाणारे वाहन त्यावरून धक्का न बसता उतरावे, असे ते माप आहे. त्यावर काळे-पांढरे पट्टे हवेत आणि ४० मीटर आधी सूचनेचा फलक हवा.

आता आमच्या प्रभागातल्या एका शाळेसमोरचा ब्रेकर पाहा. दोन बाजूंना दोघांनी दोरी ताणून धरली आणि मधे पट्टी उभी केली. उंची जवळजवळ सहा इंच, रुंदी जेमतेम दोन फूट. माथ्यावर मोटारींचे पोट घासून पडलेले पांढरे ओरखडे. पट्टे मारले असतील तर ते कधीच पुसले गेले आहेत. फलक नाही आणि वरचा दिवा बंद. गटाराच्या बाजूला वीतभर सपाट जागा सुटली आहे आणि प्रत्येक दुचाकीवाला धक्का चुकवायला नेमका तिथूनच जातो. शाळा सुटल्यावर पोरेही त्याच कडेने चालतात. म्हणजे ज्यांच्यासाठी ब्रेकर घातला, त्यांच्याच अंगावर तो गाड्या घालतो आहे.

असल्या अरुंद उंचवट्याचा आणखी एक गुण पथ विभागातल्या अभियंत्यांना माहीत असायला हवा. रुंद गतिरोधकावर वेग वाढला की धक्का वाढतो. अरुंद उंचवट्यावर मोठी गाडी जोरात गेली की धक्का स्प्रिंगच जिरवते आणि आत बसलेल्याला कमी जाणवते. सावकाश जाणारी स्कूटर, रिक्षा आणि सायकल मात्र आदळते. बेफाम जाणारा सुटतो आणि नियमाने जाणारा मार खातो. यालाच तुम्ही वाहतूक शिस्त म्हणत असाल, तर ती तुमची तुम्हालाच लखलाभ.

मार कोण खाते, तेही ऐका. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून मागे बसलेली बाई न दिसलेल्या ब्रेकरवर पहिली फेकली जाते, कारण तिच्या हाताला धरायला काही नसते. मणक्याचे दुखणे असलेला माणूस रिक्षात कळवळतो. दिवस भरलेल्या बाईला दवाखान्यात नेताना घरच्यांचा जीव प्रत्येक उंचवट्यावर टांगणीला लागतो. १०८ ची रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचा बंब प्रत्येक ब्रेकरवर काही सेकंद गमावतात. एका वाटेवर ओळीने ब्रेकर असले की त्या सेकंदांची मिनिटे होतात. पावसाळ्यात कडेला पाण्याला वाट न ठेवल्यामुळे ब्रेकरमागे तळे साचते आणि त्या तळ्यात खड्डा तयार होतो. रबरी ब्रेकरची तऱ्हा वेगळी. वर्षभरात त्याचे तुकडे उडतात आणि रस्त्यात रोवलेले खिळे तेवढे टायर फाडायला शिल्लक राहतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०१५ या एका वर्षात गतिरोधकांशी संबंधित अपघातांत देशभर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. जीव वाचवायला घातलेल्या वस्तूचा हा हिशेब आहे.

हे होते कसे, तेही गुपित नाही. केबलसाठी रस्ता खोदला जातो, बुजवला जातो आणि उरलेला डांबराचा माल ब्रेकर म्हणून ओतला जातो. कुठे अपघात झाला की दुसऱ्या दिवशी लोक जमतात, माननीय येतात, संध्याकाळी ब्रेकर होतो आणि ‘यांच्या प्रयत्नातून’ असा फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर फोटो असतो, पण ब्रेकरवर पट्टे नसतात. मंजुरीचा कागद मागितला तर कार्यालय ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार कार्यालयाकडे. ही टोलवाटोलवी आता बंद.

मागण्या चारच आहेत. एक : प्रभागातल्या प्रत्येक गतिरोधकाची जागा, माप आणि मंजुरीची तारीख असलेली यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावा. दोन : विनामंजुरी आणि मापाबाहेरचे सगळे उंचवटे काढा, आणि काढताना रस्ता पूर्ववत सपाट करा. तीन : शाळा, दवाखाने आणि गल्लीची तोंडे इथे मापातले गतिरोधक घाला, पट्टे, फलक आणि दिव्यासह. शक्य तिथे पादचाऱ्यांचा पट्टाच उंच करा, म्हणजे चालणाऱ्यालाही त्याचा उपयोग होईल. चार : उखडलेल्या रबरी पट्ट्यांचे खिळे आठ दिवसांत काढा. त्यासाठी महिना लागत नाही.

महिन्याची मुदत ही मेहेरबानी समजू नका. महापालिकेवर दावा लावायचा तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस तयार आहे. सोबत प्रत्येक ब्रेकरचा पट्टी लावलेला फोटो आहे.

मुदत टळली तर पुढे काय, तेही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८ अ आले. रस्त्याच्या रचनेचे, बांधकामाचे किंवा देखभालीचे निकष न पाळल्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणाला अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तो आम्ही मागणार. हलगर्जीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली फिर्याद देणार. परवानगीशिवाय ब्रेकर घालणाऱ्या सोसायट्यांनी आणि हौशी पुढाऱ्यांनी त्याच संहितेचे कलम ३२६ वाचून ठेवावे. सार्वजनिक रस्ता प्रवासाला धोकादायक करणाऱ्याला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ‘आमच्याच मुलांसाठी केले’ हा बचाव तिथे चालेलच, या भरवशावर राहू नका. मुलांची काळजी असेल तर अर्ज करा, आम्ही त्यावर सही करू.

आणि गल्लीतून सुसाट गाड्या हाकणाऱ्यांनी हे वाचून टाळ्या वाजवू नयेत. निम्मे पाप तुमचे आहे. तुम्ही वेग आवरला असता तर लोकांनी घाबरून डांबर ओतले नसते. तुमच्या गाडीच्या नंबरासह फोटो वाहतूक पोलिसांकडे जातील, तेव्हा रडू नका.

रहिवाशांना मात्र विनंती आहे. रागाच्या भरात पहार घेऊन ब्रेकर फोडू नका. अर्धवट फोडलेला ब्रेकर अख्ख्यापेक्षा घातक असतो, आणि कायदा हातात घेतला की उद्या आपल्यालाच जाब द्यावा लागेल. त्यापेक्षा दोरी आणि पट्टी घ्या, आपल्या गल्लीतला ब्रेकर मोजा, जागा आणि तारीख लिहून क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या. तक्रारीची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उद्या न्यायालयात तीच कामाला येणार आहे.