हिरकणीची वाट बुजवणार कोण?

रायगडाच्या हिरकणीची कथा महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. कोजागिरीच्या दिवशी गडावर दूध घालायला गेलेली ही गवळण दरवाजे बंद झाल्यामुळे वर अडकली आणि घरच्या तान्ह्या बाळाच्या ओढीने काळोखात ताशीव कडा उतरून गेली. महाराजांच्या कानी हे गेले, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी केल्या, असे आख्यायिका सांगते. हिरकणीचा साडीचोळी देऊन सन्मान केला आणि ज्या ठिकाणाहून ती उतरली तेथे बुरूज बांधून घेतला. या कथेतून मातेचे वात्सल्य शिकवले जाते, ते उचितच आहे. पण राज्यकर्त्याने आणि गृहस्थाने त्यातून घ्यावयाचा धडा वेगळा आहे. गडाची कच्ची जागा दाखवून देणाऱ्याला दंड करायचा नसतो आणि जागा कळल्यावर बुरुजाचे काम उद्यावर टाकायचे नसते.

आज हा धडा आठवण्याचे कारण रायगडावर नाही, ते आपल्या घराच्या भिंतीवर आहे. सेनापती धनाजी जाधवांची समाधी ज्या पेठ वडगावात आहे, त्या गावाच्या बाजारपेठेतून एक फेरफटका मारावा. आडत दुकान, पतसंस्था, औषधांचे दुकान, दूध संस्थेचे कार्यालय, शिकवणीचा वर्ग, कोठेही पाहिले तरी देवाच्या तसबिरीशेजारी किंवा घड्याळाखाली एक लहानसे खोके हिरवे दिवे मिचकावताना दिसते. हाच तो राऊटर. नेट बंद पडले की त्याची पिन काढून पुन्हा लावायची, एवढाच त्याचा आणि मालकाचा संबंध. पतसंस्थेच्या दाराला दोन कुलपे असतात, रात्री पहारेकरी असतो. पण ज्या दारातून संस्थेचा सारा व्यवहार दिवसरात्र ये-जा करतो, त्या दाराची किल्ली कोणाकोणाकडे आहे, हे चेअरमनला माहीत नसते आणि सचिवालाही नसते.

हा परिसर या विषयात मागासलेला नाही. पेठ वडगावच्या शेजारच्याच वारणानगरात १९९८ साली ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने जोडण्याचा तो प्रयत्न देशात अग्रेसर होता. ऊस उत्पादकाला आपल्या टनांचा हिशेब गावातच मिळावा, ही त्यामागची कल्पना. म्हणजे संगणकाचे जाळे काय करू शकते हे वारणाकाठाने एका पिढीपूर्वीच ओळखले होते. त्या जाळ्याच्या वेशीवर पहारा कोणी द्यायचा, हा प्रश्न मात्र ना तेव्हा विचारला गेला, ना आज विचारला जातो.

राऊटर हा स्वतःच एक छोटा संगणक आहे. त्याच्या पोटात कारखान्यातच एक मूळ आज्ञावली भरलेली असते. तिला ‘फर्मवेअर’ म्हणतात. कोणती माहिती कोठे पाठवायची, कोणाला आत घ्यायचे, कोणाला अडवायचे, हे सारे तीच ठरवते. माणसाने लिहिलेल्या प्रत्येक आज्ञावलीत चुका राहतात, तशा हिच्यातही राहतात. चूक उघडकीस आली की प्रामाणिक कंपनी दुरुस्त आवृत्ती काढते. पण ती राऊटरमध्ये भरली गेली नाही, तर गडाची चोरवाट शत्रूला कळलेली आणि किल्लेदाराला न कळलेली, अशी अवस्था होते.

हे भय काल्पनिक आहे काय? ब्राझीलचे उदाहरण पाहावे. तेथे २०११ साली फर्मवेअरमधील एका त्रुटीचा लाभ घेऊन चोरांनी सुमारे ४५ लाख मोडेम ताब्यात घेतले. त्यांनी घरातल्या संगणकाला हातही लावला नाही. संकेतस्थळाचे नाव दिले की त्याचा पत्ता सांगणारी जी वही असते, ती कोठे पाहायची हे मोडेमला सांगितलेले असते. चोरांनी मोडेमला आपलीच खोटी वही दिली. ग्राहक नेहमीप्रमाणे पत्ता अचूक टंकत होता आणि पोहोचत होता मात्र चोरांच्या दारात!

काही वेळा चोरवाट खुद्द गवंड्यानेच ठेवलेली असते. २०१३ साली एका अमेरिकी संशोधकाने डी-लिंक या तैवानी कंपनीच्या काही राऊटरचे फर्मवेअर उलगडले. एक विशिष्ट शब्दमाला पुढे केली की राऊटर पासवर्ड न विचारताच दार उघडत होता. ती शब्दमाला उलटी वाचली तर तीत जोएल हे नाव आणि ‘बॅकडोअर’, म्हणजे मागचे दार, हा शब्द स्पष्ट निघाला! कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. पण ज्यांनी ती कधी भरलीच नाही, त्यांच्या घराचे मागचे दार तसेच उघडे राहिले.

भारताला या संकटाची झळ लागली नाही, असे कोणी समजू नये. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातक आज्ञावलीने निकामी केले. कारखान्यातून आलेला ‘अ‍ॅडमिन’ हा पासवर्ड ज्यांनी बदलला नव्हता, ते तिचे भक्ष्य ठरले. ग्राहकांनी पासवर्ड बदलावेत, असे आवाहन करण्याची वेळ निगमवर आली. पुढच्याच वर्षी मायक्रोटिक या लाटवियन कंपनीच्या राऊटरमधील त्रुटीचा फायदा घेऊन जगभरातील लाखो राऊटर दुसऱ्यासाठी आभासी चलन ‘खणण्याच्या’ वेठबिगारीला जुंपले गेले. भारतातील राऊटरही त्यांत होते. या त्रुटीवरील दुरुस्ती कंपनीने एप्रिल २०१८ मध्येच दिली होती. लूट झाली ती त्यानंतर! औषध कपाटात होते, रोगी मात्र दगावला.

आणि महाराष्ट्राने तर त्याहून कडू घोट घेतला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले, ५६ जणांचे प्राण गेले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी इंडियन मुजाहिदीनच्या नावाने ई-मेल आला. तपास यंत्रणा माग काढत पोहोचल्या त्या नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेत. तेथील वाय-फायला पुरेसे कुलूप नव्हते, त्याचा वापर दहशतवाद्यांनी केला होता. पुढच्या महिन्यातील ई-मेलसाठी माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे जाळे वापरले गेले आणि सप्टेंबरमधील दिल्लीच्या स्फोटांवेळी चेंबूरच्या एका कंपनीचे. येथे दोष फर्मवेअरचा नव्हता, उघड्या टाकलेल्या दाराचा होता. पण बेसावधपणाचे कुळ एकच. दार आपले, पाऊल शत्रूचे आणि पोलीस मात्र आपल्या उंबऱ्यावर!

एवढे सांगूनही सज्जन मध्यमवर्गीय गृहस्थ विचारतो, “आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?” या प्रश्नात विनय आहे, पण विवेक नाही. चोराला तुमचा ऐवज नको असेल, त्याला तुमचे नाव आणि तुमचा पत्ता हवा असतो. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या आज्ञावलीने केवळ साठेक ठरावीक पासवर्ड आजमावून जगभरातील कॅमेरे आणि राऊटर यांची फौज उभी केली आणि त्या फौजेने ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील बड्या बड्या संकेतस्थळांची वाट रोखून धरली. त्या फौजेतील प्रत्येक सैनिक कोणा ना कोणा निरुपद्रवी गृहस्थाच्या भिंतीवर टांगलेला होता. शत्रूच्या सैन्यात आपल्या घरचा शिपाई जावा आणि आपल्याला त्याची वार्ताही नसावी, याला साधेपणा म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप घेणारे आपलेच आहेत. गलवाननंतर, २०२० साली, चौकाचौकांत चिनी मालाची होळी झाली. त्या रोषामागची भावना खरीच होती. पण किती जणांनी घरी परतल्यावर राऊटर उलटा करून त्याच्या पाठीवरचे अक्षर वाचले? आणि वाचले असते, तरी तेवढ्याने भागले असते काय? जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने जाहीर केले की, चीनच्या राज्यसत्तेचे पाठबळ असलेल्या हल्लेखोरांनी शेकडो घरगुती आणि छोट्या कार्यालयांतील राऊटर आपल्या आडोशासाठी वापरले होते. ते राऊटर बहुतांशी अमेरिकी नाममुद्रेचेच होते! त्यांचा अपराध एकच होता. ते जुने झाले होते आणि कंपन्यांनी त्यांना दुरुस्ती देणे थांबवले होते. म्हणजे वस्तू कोणत्या देशाची, हा प्रश्न आवश्यक आहे, पण तो पुरेसा नाही. तिची देखभाल कोण करतो आणि कधीपर्यंत, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

स्वदेशीचा अर्थही येथे नीट समजून घ्यायला हवा. बाहेरून आणलेली पट्टी देशी खोक्यात बसवायची, वर तिरंगी चिठ्ठी डकवायची आणि आतली आज्ञावली परक्याचीच ठेवायची, ही स्वदेशी नव्हे, ती आत्मवंचना आहे. जी आज्ञावली आपले अभियंते वाचू शकतात, तपासू शकतात आणि चूक सापडल्यास आठवडाभरात दुरुस्त करू शकतात, ती स्वदेशी. हे अशक्य नाही. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ महासंगणक उभा केला. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या निवेती सिस्टिम्सने देशी बनावटीचा २.४ टेराबिट क्षमतेचा राऊटर पुढे आणला. बुद्धी आहे, कसर आहे ती आग्रहाची.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सीईआरटी-इन ही संस्था २००४ पासून कार्यरत आहे, २०१७ साली ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू झाले. दूरसंचार कंपन्यांनी आपल्या जाळ्यात विश्वासार्ह स्रोतांचीच उपकरणे जोडावीत, हा निर्देश १५ जून २०२१ पासून लागू झाला. राऊटरच्या सुरक्षा चाचणीचे निकषही तयार झाले. पण त्यांच्या सक्तीची मुदत एकाहून अधिक वेळा पुढे गेली. बुरुजाचा आराखडा मंजूर आहे, गवंडी मात्र तारखा मागतो आहे! शिवाय त्रुटी शोधणाऱ्या तरुणाच्या डोक्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांची टांगती तलवार आहे. परवानगीविना दुसऱ्याच्या यंत्रणेत डोकावल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. चोराला ही शिक्षा हवीच. पण सद्हेतूने त्रुटी शोधून ती कळवणाऱ्याला कायद्यात स्पष्ट अभय नको काय? आजच्या हिरकणीला साडीचोळी मिळेल की बेडी, याची शाश्वती नसेल, तर ती कड्याची वाट सांगायला पुढे येईल कशाला?

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. घरगुती गॅसच्या सिलिंडरवर चाचणीची मुदत असते, औषधाच्या वेष्टनावर अंतिम तारीख असते. राऊटरच्या खोक्यावर ‘सुरक्षा दुरुस्ती अमुक तारखेपर्यंत मिळेल’ हे मराठीसह भारतीय भाषांत छापणे बंधनकारक करावे. सर्व उपकरणांना एकच ढोबळ पासवर्ड देण्यावर बंदी घालावी. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून दुरुस्तीची मुदत जाहीर करणे सक्तीचे केले आणि असे पासवर्ड निषिद्ध ठरवले. मग भारताच्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेला हे का जमू नये? जोडणी देणाऱ्या कंपनीने जो राऊटर दिला, त्याच्या देखभालीची जबाबदारी तिच्यावरच टाकावी. ‘ग्राहकाने स्वतः करून घ्यावे’ हे उत्तर लबाडीचे आहे.

कायदा होईल तेव्हा होईल, तोवर घरच्या कर्त्याला स्वस्थ बसता येणार नाही. राऊटरचा मूळ पासवर्ड आजच बदलावा. दुरून हाताळणीची सोय बंद करावी. फर्मवेअरची नवी आवृत्ती आली आहे का, हे दर तीन महिन्यांनी पाहावे. ज्याला दुरुस्ती मिळणे थांबले आहे, तो राऊटर चालू असला तरी निवृत्त करावा. पतसंस्थांच्या आणि दूध संस्थांच्या वार्षिक सभेत सभासदांनी लाभांशाबरोबर हाही प्रश्न विचारावा. शाखेतील एखाद्या संगणक शिकलेल्या तरुणाने रविवारी दहा घरे फिरून एवढे काम करून दिले, तर ते संरक्षणाचेच कार्य ठरेल.

मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत, अशी आख्यायिका आहे. त्या धाकामागे केवळ तलवार नव्हती, रात्रंदिवस जागे राहणारे डोळे होते. धनाजींची समाधी जपणाऱ्या गावाने आणि त्यांचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने निदान आपल्या भिंतीवरच्या त्या मिचमिचणाऱ्या दिव्याकडे एकदा डोळे उघडून पाहावे. हिरकणीची वाट शत्रूला कळून चुकली आहे. बुरूज बांधायचा आहे तो आपल्याला.