होणाऱ्या गुरुजींची हजेरी कोण घेणार?

तुमच्या ओळखीत बी.एड. करणारं कुणीतरी असेलच. मोठी ताई, गावाकडचा मित्र, नाहीतर तुम्ही स्वतः. आता तीन साधे प्रश्न. आज शिक्षक व्हायचं प्रशिक्षण घेणारी मुलं-मुली किती आहेत? त्यातले गणित शिकवायला तयार होणारे किती? आणि खरोखर वर्गात येणारे किती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरकारी अहवालात मिळतं, पण शिळं. उरलेल्या दोघांचं त्यात मिळत नाही.

'आकड्यांचं काय घेऊन बसलात' असं म्हणण्याआधी आपल्याच राज्यात काय झालं ते बघा. २००८ साली महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. कॉलेजांना राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या म्हणजे एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीने मान्यता दिली. इतक्या कॉलेजांची गरज नाही, असं राज्य सरकारचं म्हणणं होतं. प्रकरण हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलं आणि त्यातूनच २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. २०१२ मध्ये आलेल्या अहवालाने देशभरातल्या शिक्षक प्रशिक्षणाची लक्तरं बाहेर काढली. किती शिक्षक हवेत आणि किती तयार होतायत, हा हिशेब आधी नीट मांडला असता तर डी.एड. करून वर्षानुवर्षं भरतीची वाट बघणारी एक अख्खी पिढी कदाचित वाचली असती.

मग आज हा हिशेब कसा होतो? केंद्राचा 'ऑल इंडिया सर्व्हे ऑन हायर एज्युकेशन' हा त्याचा मुख्य आधार. २०१०-११ पासून तो होतो. प्रत्येक कॉलेजात एक नोडल ऑफिसर असतो. तो पोर्टलवर फॉर्म भरतो. कोणत्या कोर्सला, कोणत्या वर्षाला किती मुलं, किती मुली, कोणत्या प्रवर्गातले. बी.एड. कॉलेजचा फॉर्म विद्यापीठाच्या नोडल ऑफिसरकडे जातो, तर डी.एल.एड.च्या स्वतंत्र विद्यालयांचा राज्याच्या नोडल ऑफिसरकडे. २०२०-२१ पासून सगळं थेट वेबवर भरलं जातं. बेरीज चुकली, रकाने जुळले नाहीत तर सिस्टीम अडवते. शेवटी कॉलेजला सर्टिफिकेट मिळतं.

म्हणजे तपासणी होतच नाही असं नाही. पण ती कशाची होते ते नीट बघा. रकान्याशी रकाना जुळतो का, हे तपासलं जातं. रकान्यातलं माणूस बाकावर बसलंय का, हे नाही. कॉलेजने पन्नास लिहिले की वर पन्नासच जातात. ते पन्नास कोण, हे अहवाल बनवणाऱ्याला कळत नाही, कारण वर जातो तो फक्त एकूण आकडा.

आणि इथेच सगळ्यांना माहीत असलेलं, पण कुणी न बोलणारं गुपित येतं. 'नॉन-अटेंडिंग'. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी सक्तीची आहे. तरी 'फक्त परीक्षेला या' असं सांगून होणारे प्रवेश तुम्हीही ऐकले असतील. नोकरी दुसऱ्या शहरात, अॅडमिशन तिसऱ्या तालुक्यात, लेसन प्लॅन कुणाच्या तरी जुन्या फाइलवरून उतरवलेला. हा विद्यार्थी सर्व्हेत पूर्ण एक म्हणून मोजला जातो. रोज पहाटेची एसटी पकडून येणारी मुलगीही एकच. कागदावर दोघं सारखे. उद्या तुमच्या धाकट्या भावाच्या वर्गावर यातलं कोण येणार, ते आकडा सांगत नाही.

शिवाय सगळे फॉर्म येतातही कुठे? २०२१-२२ च्या सर्व्हेत ४५,४७३ कॉलेजांची नोंद होती, माहिती दिली ४२,८२५ जणांनी. स्वतंत्र संस्था १२,००२, माहिती १०,५७६ जणांकडून. म्हणजे डी.एल.एड. विद्यालयं ज्या गटात मोडतात, त्या गटात साधारण आठांमागे एक संस्था गप्प होती. आणि हा अहवाल आला जानेवारी २०२४ मध्ये. तोवर त्या वर्षी बी.एड.ला बसलेली बॅच पास होऊन बाहेरही पडलेली होती!

दुसरीकडे हेच काम कसं करतात? इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथलं शिक्षण खातं दरवर्षी नव्या प्रशिक्षणार्थींची गणना करतं. ऑक्टोबरमध्ये जे कोर्सला आहेत त्यांची. नोंद एकूण आकड्याची नसते, एकेका प्रशिक्षणार्थीची असते. संस्थेला आपली यादी बरोबर असल्याचं कळवावं लागतं. आकडे हिवाळा लागता लागता, त्याच वर्षी जाहीर होतात. त्यावर 'तात्पुरते' असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि पुढच्या वर्षी सुधारित आकडे येतात. मुख्य म्हणजे आकड्याशेजारी उद्दिष्ट असतं. २०२३-२४ ला माध्यमिक शिक्षकांचं उद्दिष्ट ५० टक्केच भरलं, फिजिक्सचं तर १७ टक्के. सरकारची नाचक्कीच ती. पण ती सरकारनेच छापली. त्यामुळे फिजिक्सचे शिक्षक का मिळत नाहीत, यावर तिथे आकडे समोर ठेवून भांडता येतं. तिथली शिक्षकटंचाई मोजणीमुळे संपलेली नाही हे खरंच, पण ती निदान लपत नाही.

आपल्याला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. ऑक्टोबर २०११ मध्ये याच महाराष्ट्राने तीन दिवस शाळाशाळांत जाऊन पटपडताळणी केली होती. तेव्हा शाळेत असलेल्या आपल्यापैकी अनेकांना बोटाला लागलेली शाई आठवत असेल. फक्त हजेरीपटावर जगणारे लाखो विद्यार्थी त्यात उघडे पडले. अलीकडचं उदाहरण 'यूडायस प्लस'चं. २०२२-२३ पासून शाळांना एकूण आकड्याऐवजी एकेका मुलाची माहिती भरावी लागते. २०२१-२२ मध्ये देशाचा पट साडेसव्वीस कोटींच्या आसपास होता, २०२३-२४ मध्ये तो २४ कोटी ८० लाखांवर आला. मोजायची पद्धतच बदलल्याने दोन्हींची थेट तुलना करू नका, असं मंत्रालय सांगतं. ते बरोबरच आहे. पण पद्धत बदलली की आकडा किती हलतो, हेही त्यातून दिसलंच ना? पहिलीतल्या पोराची नावानिशी नोंद होते, तर त्याला शिकवायला निघालेल्याची का नको?

यावर दोन आक्षेप येतील. एक, शिक्षकांवर आधीच माहिती भरण्याचं ओझं आहे. मान्य. पण प्रवेश सीईटी सेलमार्फत नावानिशी होतात, परीक्षेचे फॉर्म विद्यापीठाकडे नावानिशी असतात. तीच यादी जोडा, नवा फॉर्म नकोच. दुसरा, खासगीपणाचा. तोही खरा. म्हणून नावं छापायची गरज नाही, फक्त मोजणी नावांवरून व्हावी.

आमची मागणी तीन ओळींची आहे. प्रशिक्षणार्थींची मोजणी नावानिशी आणि इंटर्नशिपच्या शाळेतून खात्री करून व्हावी. एकूण आकड्यासोबत मेथडनुसार आकडा द्यावा आणि त्याच्या शेजारी त्या विषयाच्या रिक्त जागा छापाव्यात. आणि किती संस्थांनी माहिती दिली नाही, आधीच्या आकड्यात काय चुकलं, हे पहिल्याच पानावर असावं.

तोवर तुम्ही एक करा. बी.एड. किंवा डी.एल.एड. करत असाल तर कॉलेजच्या ऑफिसात जा आणि यंदा सर्व्हेत आपल्या वर्गाची संख्या किती भरली, ते विचारा. मग वर्गात येऊन डोकी मोजा. दोन्ही आकडे जुळले तर सरांचं अभिनंदन करा. नाही जुळले, तर पुढचा प्रश्न काय विचारायचा हे होणाऱ्या शिक्षकाला वेगळं सांगायला नको.