माहेरची वाट महागली

शाळांच्या सुट्ट्या सुरू होत आहेत आणि १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो आहे. तो १५ जूनपर्यंत चालेल. तीन वर्षांपूर्वी अधिक महिना श्रावणात आला होता. तेव्हा शेतात खुरपणीची धांदल होती आणि मुलांच्या शाळा चालू होत्या. यंदा धोंड्याचा महिना जवळजवळ सगळाच सुट्टीत आला आहे. चाकण, पनवेल, हैदराबाद इथे राहणाऱ्या लेकींना जावयासह बोलवावे, धोंडे जेवण घालावे, नातवंडांना महिनाभर ठेवून घ्यावे, अशी विष्णुपुरीपासून मुखेडपर्यंत घरोघरी तयारी आहे. त्या तयारीत अनारशांच्या आधी हिशेब होतो तो येण्याजाण्याच्या भाड्याचा.

उन्हाळी प्रवास महागला म्हटले की चर्चा हिल स्टेशनची आणि विमानाच्या तिकिटाची होते. मराठवाड्यातल्या बहुसंख्य कुटुंबांची सुट्टी मात्र पिढ्यान्‌पिढ्या मामाच्या गावीच गेली आहे. कंधार, लोहा, मुखेडच्या ज्या घरांतले आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांना गळीत हंगाम संपवून आपल्या घरी परतणे हीच मोठी सुट्टी. लातूर-नांदेडच्या मध्यमवर्गीय घरात वर्षाची शिल्लक क्लासच्या फीत जाते. उरते त्यात एवढा एकच प्रवास बसतो. तोही जमेनासा झाला, तर मुलाने आजीला पाहायचे कधी?

महागाई नेमकी कुठे आहे, ते नीट पाहिले पाहिजे. रेल्वेने १ जुलै २०२५ पासून मेल-एक्स्प्रेसच्या बिगरवातानुकूलित डब्यांचे भाडे किलोमीटरला १ पैशाने आणि २६ डिसेंबरपासून आणखी २ पैशांनी वाढवले. नांदेड ते मुंबई हे अंतर सुमारे ६०० किलोमीटर. म्हणजे दोन्ही वाढी मिळून स्लीपरच्या तिकिटामागे जेमतेम १८ रुपये. चौघांचे जाणे-येणे धरले तरी दीडशेच्या आत. एवढ्यासाठी कोणी माहेर टाळत नाही. अडचण आहे ती जागेची. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. १० मेला निघायचे तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच तिकीट काढावे लागते. तेव्हा मुलीची परीक्षा चालू असते आणि जावयाची रजा मंजूर झालेली नसते. रजा मिळेपर्यंत देवगिरी, नंदिग्राम, तपोवन, सगळीकडे वेटिंग. मुंबईची वंदे भारत गेल्या ऑगस्टमध्ये जालन्याहून नांदेडपर्यंत आली, ते चांगलेच झाले. पण ते भाडे परवडणारी घरे वेगळी. बाकीच्यांनी जनरलच्या डब्यात लेकराबाळांसह उभे राहायचे, नाहीतर ट्रॅव्हल्सवाला मागेल ते मोजायचे. खिसा खरा कापला जातो तो इथे.

वास्तविक या भाड्याला मर्यादा आहे. एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या भाड्यापेक्षा ५० टक्क्यांहून अधिक भाडे खासगी बसला घेता येत नाही, असे राज्य सरकारने २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने ठरवून दिले आहे. निर्णयाला आठ वर्षे झाली, तरी बसमध्ये चढणाऱ्या किती जणांना तो माहीत आहे? दर मे महिन्यात आणि दर दिवाळीत परिवहन खाते तपासणीची घोषणा करते. घोषणेऐवजी बसस्थानकाबाहेर, ट्रॅव्हल्स जिथून सुटतात त्या रस्त्यावर, कमाल भाड्याचा फलक लावावा. त्यावर तक्रारीचा क्रमांक ठळक लिहावा. एवढ्याने सगळी लूट थांबणार नाही, पण प्रवाशाला निदान भांडायला आधार मिळेल.

एसटीचे भाडेही जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी वाढले. तरीही आजच्या घडीला लेकीचा सगळ्यात मोठा आधार लाल परीच आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना निम्मे, पासष्टीच्या पुढच्यांना निम्मे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना प्रवास मोफत. ३०० रुपये भाड्याच्या अंतराला नवरा, बायको आणि बारा वर्षांखालची दोन शाळकरी मुले ७५० रुपयांत पोहोचतात. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही आहे. सवलती कागदावर भरपूर आहेत, गाड्या मात्र अपुऱ्या पडतात. निम्म्या तिकिटाचा उपयोग बस आली तरच. मुखेड, देगलूर, किनवट, उदगीरच्या फाट्यांवर भर उन्हात लेकरू कडेवर घेऊन थांबलेल्या बाईला सवलतीपेक्षा वेळेवर येणारी गाडी हवी आहे. विद्यापीठ, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहांतून घरी निघालेल्या विष्णुपुरीतल्या पोरांनाही तीच हवी आहे.

आता दुसरी गोष्ट. नातवंडे आली, चार दिवस आंबे खाल्ले, पुढे त्यांना दाखवायचे काय? पैसे नाहीत म्हणून मुलांनी महिनाभर मोबाइल धरून बसावे, हे आम्हाला मान्य नाही. विष्णुपुरीच्या दारात गोदावरीवरचा शंकर सागर जलाशय आहे, काठावर काळेश्वराचे मंदिर आहे. अधिक महिन्यात गोदास्नानाला इथे गर्दी होईलच. त्या गर्दीसाठी सावलीचे मांडव, पिण्याचे पाणी, बायकांना कपडे बदलायला आडोसा, स्वच्छतागृह आणि पाण्याच्या धोकादायक जागी दोर व जीवरक्षक, एवढे तरी हवे. उन्हाळ्यात नदीत उतरलेली मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. मुलांना पाण्यापासून हाकलल्याने हे थांबत नाही. त्यांना सुरक्षित काठ द्यावा लागतो.

पुढे कंधारचा किल्ला आहे. राष्ट्रकूटांच्या काळाशी नाते सांगणारे हे गाव, किल्ल्याभोवती खंदक, जवळच जगत्तुंग सागर. देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आहेत, औशाजवळ खरोशाची लेणी, १७६० च्या लढाईचे उदगीर, चाकूरकडे वडवळचे वनस्पती बेट, किनवट भागात उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे. सहस्रकुंडाचा धबधबा मेमध्ये बारीक झालेला असतो, त्याला पावसाळ्यात जावे. इतिहासाच्या पुस्तकातला धडा शंभर किलोमीटरच्या आत डोळ्यांनी पाहता येतो, पण तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परतायला सोयीची बस मिळेल याची खात्री नसते. मग गाडी भाड्याने घ्या, असा सल्ला मिळतो. ती घेण्याची ऐपत असती, तर प्रश्नच नव्हता.

गावांनीही थोडे हातपाय हलवावेत. एसटी प्रासंगिक करारावर अख्खी बस देते. एका गल्लीतल्या दहा-बारा घरांनी मिळून ती घेतली आणि डबे बांधून पहाटे निघाले, तर ऊन तापायच्या आत कंधार पाहून होते. खर्च वाटला जातो, शिवाय ज्या घराला वाटा देणे जमणार नाही, त्या घरातल्या दोन मुलांना सोबत नेता येते. धोंडे जेवणात जावयाला चांदीचे ताट देण्याची जी चढाओढ अलीकडे शिरली आहे, ती थांबवून ते पैसे लेकीच्या प्रवासाला दिले, तर तिच्या जास्त कामी येतील. कर्ज काढून सोयरिकीत मान राखण्याची पाळी कोणत्याही बापावर येऊ नये.

नांदेड आणि लातूर विभागाच्या एसटी अधिकाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. १७ मेच्या आत तालुक्यांच्या जादा गाड्यांचे वेळापत्रक जाहीर करा. अधिक महिन्याच्या प्रत्येक रविवारी नांदेडहून कंधार आणि होट्टलसाठी, लातूरहून खरोसा आणि उदगीरसाठी सकाळी नेऊन संध्याकाळी आणणारी एक बस सोडा. वेळा गावोगावच्या फाट्यांवर लावा. हातात दोन आठवडे आहेत आणि यासाठी नवा कायदा किंवा नवा निधी लागत नाही.