माशांच्या उवांवर लस हवीच. पण ती शेततळ्यापर्यंत पोहोचणार कशी?

द्राक्षबागेसाठी खोदलेल्या शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडून जोडउत्पन्न घेण्याचा मार्ग नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांनाही खुला झाला आहे. मात्र मासे कडेला अंग घासू लागले, पाण्याबाहेर उड्या मारू लागले आणि अंगावर लाल ठिपके दिसू लागले, की हिशेब बिघडतो. बहुतेकदा माशांना ऊ लागलेली असते.

ही ऊ म्हणजे काय?

शास्त्रीय नाव आर्ग्युलस. कोळंबी-खेकड्याच्या वर्गातला, साध्या डोळ्यांना दिसणारा हा चपटा परजीवी माशाच्या कातडीला चिकटून रक्त शोषतो. जखमेतून जिवाणू आणि बुरशी शिरतात. मासा खाणे सोडतो, वाढ खुंटते, दाट साठवणुकीत मरही होते.

औषधाने भागत नाही का?

तात्पुरते भागते. उवांवर वापरली जाणारी सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही पिकांवरच्या कीडनाशकांच्याच घराण्यातली. मात्रा थोडी चुकली तरी मासेच दगावतात. शिवाय मादी माशाचे अंग सोडून दगड, काठ्या, तळ्याच्या भिंतीवर अंडी घालते. औषधाने मोठ्या उवा मरतात, अंडी उरतात, काही दिवसांनी पुन्हा फवारा. नॉर्वे आणि चिलीतील सॅमन माशांच्या समुद्री उवा अशाच वारंवार वापराने औषधांना दाद देईनाशा झाल्या. नाशिकमध्ये तर शेततळ्याचे पाणी ठिबकने बागेला जाते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे युरोपने द्राक्षे नाकारली, तेव्हा बसलेला फटका इथला बागायतदार विसरलेला नाही.

मग लस इतकी अवघड का?

जिवाणूंविरुद्धच्या लशींमुळे नॉर्वेच्या सॅमन उद्योगातला प्रतिजैविकांचा वापर 1987 नंतर जवळपास संपला. परजीवीचे तसे नाही. तो बहुपेशीय, हजारो प्रथिनांचा, दर अवस्थेत रूप बदलणारा आणि शरीराच्या बाहेर राहणारा. जिवाणूंसारखा तो भांड्यात वाढवून, मारून लस म्हणून टोचता येत नाही. त्याला वाढायला जिवंत मासाच लागतो.

वाट दाखवली ती गोचिडांनी. ऑस्ट्रेलिया आणि क्युबात 1990च्या दशकात गुरांसाठी गोचीडविरोधी लस बाजारात आली. गोचिडाच्या आतड्यातले एक प्रथिन गुराला टोचायचे. गुराच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. गोचीड रक्त पितो आणि ती प्रतिपिंडे त्याच्याच आतड्यावर हल्ला करतात. ऊही रक्तच पिते. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेत रोहूवरील उवांविरुद्ध याच धर्तीवर, उवेची प्रथिने हेरून काम झाले आहे. अशी लस उवा एका दिवसात मारत नाही. त्यांची संख्या आणि अंडी पिढीगणिक कमी करते. शेतकऱ्याला हे आधीच सांगायला हवे. नाहीतर पहिल्याच हंगामात लशीवरचा विश्वास उडेल.

अडते कुठे?

पैशात आणि माहितीत. महागड्या सॅमनला एकेक करून सुई टोचणे परवडते. बोटुकलीला कोण टोचणार? म्हणून खाद्यातून किंवा बुडवून देता येईल अशी स्वस्त लस हवी. कमी नफ्याच्या माशासाठी कंपन्या आपणहून धावणार नाहीत, तिथे सरकारी पैसाच लागेल. 2020 पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत तळी, पिंजरे, बीज यांना अनुदान मिळते. माशांच्या आरोग्याला तेवढेच महत्त्व मिळाले पाहिजे. मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, नाशिकला शेततळी आहेत. लशींच्या चाचण्या इथल्या पाण्यात, इथल्या माशांवर व्हायला हव्यात.

त्यासाठी रोग कुठे, कोणता, किती हे कळायला हवे. केंद्राने 2023 मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल अ‍ॅप आणले. आजारी माशाचा फोटो कीडनाशकाच्या दुकानदाराला दाखवण्याआधी तिथे पाठवणे शेतकऱ्याच्या हातात आहे. मात्र नोंदीनंतर तळ्यावर कुणी फिरकलेच नाही, तर दुसऱ्यांदा नोंद होणार नाही. ती जबाबदारी मत्स्यव्यवसाय विभागाची.

तोवर जुने उपायच कामाचे : बीज आधी वेगळे ठेवून तपासणे, गर्दी कमी ठेवणे, तळ्यात फळ्या किंवा बांबू सोडून त्यांवरची अंडी उन्हात वाळवणे, हंगामाअखेर तळे कोरडे करणे. पुढे लस आली तरी ही कामे सुटणार नाहीत. औषधाच्या बाटलीवरची भिस्त मात्र आजपासूनच कमी करायला हवी.