पाकांतली मळी आणि पोलादांतला मळ

लाडवांसाठीं पाक करतांना घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया उकळत्या साखरेंत चमचाभर दूध सोडतात. दूध फाटतें, साखरेंतील मळ घेऊन वर येतें आणि ती मळी झाऱ्यानें काढून टाकतां येते. मात्र घाईमुळें ती पाकांतच राहिली, तर शुद्धीसाठीं घातलेलें दूधच मळ होऊन बसतें. हा दृष्टांत सुचण्याचें कारण माझा पुतण्या.

तो मुरबाडच्या औद्योगिक वसाहतींत दाबयंत्रावर मोटारींच्या दरवाजांचे पत्रे घडवितो. गेल्या महिन्यांत एका पत्र्यावर केसाएवढी रेघ उमटली आणि दाब पडतांच पत्रा तेथेंच उकलला. दोष त्याच्या हाताला लागला व त्याला यंत्रावरून दूर करण्यांत आलें. “काका, साचा ठीक, तेल ठीक, दाब ठीक, मग चुकलें कोठें?” असें तो मला विचारी. पुढें तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला, तेव्हां रेघेंत ॲल्युमिनाचे कण सांपडले.

ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियम व प्राणवायु यांचा संयोग. माणिक आणि नीलमणि हे मूलतः याच द्रव्याचे. यावरून त्याचा कठीणपणा ध्यानीं येईल. पण तें पोलादांत आलें कोठून?

आमच्या शहापूर तालुक्यांत वासिंद येथें जेएसडब्ल्यू समूहानें १९८२ सालीं आपला पहिला कारखाना उभारला. तेथें पत्र्यावर जस्ताचा व रंगाचा लेप चढतो. पोलादाचा रस मात्र दूर, बळ्ळारी जिल्ह्यांतील तोरणगल्लूसारख्या ठिकाणीं होतो. म्हणून इकडच्या लोकांना पत्रा परिचित आहे, त्यांतील मळाचा जन्म नाहीं.

भट्टींतून निघणाऱ्या लोखंडांत शेंकडा सुमारें ४ भाग कर्ब असतो. तो जाळण्यासाठीं रसांत प्राणवायु फुंकतात. कर्ब जातो, पण दर दहा लाख भागांत कित्येक शें भाग प्राणवायु मागें उरतो. त्याला बांधण्यासाठीं ॲल्युमिनियम घालतात आणि त्याच क्षणीं ॲल्युमिना जन्मास येतें. रसाची उष्णता सुमारें १६०० अंश. ॲल्युमिना वितळावयास सुमारें २०५० अंश लागतात. म्हणून तें घन कणांच्याच रूपानें राहतें. हे कण एकमेकांस चिकटून पोवळ्यासारखे पुंजके बनतात व रसाहून हलके असल्यामुळें वर तरंगून मळींत मिसळतात. त्यांना वर आणण्यासाठीं तळाशीं आर्गॉन वायूचे बुडबुडे सोडतात.

पण गोष्ट येथें संपत नाहीं. ओततांना रसाला हवा लागली, तर नवे कण होतात. मळींत लोहभस्म अधिक असलें, तरी तेंच. भांड्याच्या अस्तरांतील मॅग्नेशियम मिळालें, तर कणांची जातच बदलते. कांहीं कण ओतण्याच्या नळीच्या तोंडाशीं सांचतात आणि अवचित सुटून रसांत पडतात. इतर कित्येक पोलादांत कॅल्शियम घालून हे कण द्रवरूप, गोल करतात. दरवाजाच्या अतिमृदु पत्र्यासाठीं मात्र हा उपाय सहसा टाळतात. तेथें कणांना वर येण्यास अवसर देणें व रस हवेपासून जपणें हाच मुख्य मार्ग उरतो.

आतां लाटण्याचा हिशेब पाहा. सुमारें २३० मिलिमीटर जाडीची लादी लाटून ०·७ मिलिमीटरचा पत्रा होतो. पोलाद तीनशें पटींहून अधिक लांबतें, कठीण कण मात्र लांबत नाहीं. तो फुटतो व त्याचे तुकडे ओळीनें पसरतात. एका मिलिमीटरच्या पुंजक्याची अशी वीतभराहून लांब रेघ होते. ती दिसते ती मुरबाडास, दाबाखालीं.

पुतण्या पुन्हां यंत्रावर उभा राहिला आहे. पण मधल्या तीन आठवड्यांत त्याचें जेवण तुटलें होतें, हें घरांतल्या सर्वांनीं पाहिलें. दोष जेथें दिसतो तेथेंच जन्मला, असें धरून शिक्षा सांगण्याची आम्हां मास्तरांनाहि खोड असते. ती टाकावी. लाडू बिघडला, तर वळणाऱ्या हाताला बोल लावण्यापूर्वीं पाकांतली मळी निघाली होती कीं नाहीं, हें आधीं विचारावें.